आमच्या दारची चांदणी

दिवाळीचा आकाशकंदील उतरला, पणत्या धुऊनपुसून फळीवर गेल्या, की आमच्या गल्लीतल्या बायका जरा टेकतात. आमच्या घरात मात्र तेव्हा कुठे झाडू-फडकं हातात येतं. मग जातायेता एखादी हमखास विचारते, "काय हो, तुमची दिवाळी आता का?" मी हसून "हो" म्हणते. त्यात खोटं काहीच नाही. फराळाचे जिन्नस तेच: करंज्या, शंकरपाळी, चकल्या. भिंतींना चुना तोच. दारातली रांगोळीही तीच, फक्त ठिपक्यांतून कमळाऐवजी पाच टोकांची चांदणी उमटते. आम्ही सोलापूरचे ख्रिस्ती. आमच्या सणाचं नाव 'नाताळ', हा शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आला. त्याचा अर्थ जन्म. पण आज तो शब्द कुणाला परका वाटत नाही, तसा सणही वाटत नाही.

घर सजवण्याच्या युक्त्या मी अशा पानांवर नेहमी वाचते, वहीत उतरवूनही घेते. आज नाताळात घर साधेपणानं कसं सजवावं ते मी सांगणार आहे. पण त्याबरोबर माझी एक चूकही सांगावी लागेल. चूक वगळून नुसती युक्ती सांगितली, तर ती अर्धीच होईल.

लग्न होऊन मी अहमदनगरहून (आताचं अहिल्यानगर) सोलापूरला आले, त्याला आता चौदा वर्षं झाली. सासऱ्यांना घरात सगळे पप्पा म्हणतात, मीही म्हणते. पप्पा गिरणीत सायझिंग खात्यात होते. ज्यांच्या घरी माग नाही त्यांच्यासाठी सांगते: कापड विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर मागावर धागा तुटतो. ते काम सायझिंग खात्याचं. पुढे गिरणी बंद पडली. पप्पांनी रखवालदारी केली, पण स्वतःची ओळख मात्र शेवटपर्यंत "सायझिंगवाला" अशीच सांगितली.

माझ्या पहिल्या नाताळात मी पाहिलं, डिसेंबर लागला की पप्पा पडवीत सतरंजी टाकून बसत. बुरुडाकडून आणलेल्या कामट्या, सूत, पतंगाचा पांढरा आणि लाल कागद असा पसारा मांडला जाई. खळ ते स्वतः शिजवत. सासूबाईंनाही पातेल्याला हात लावू देत नसत. "खळ हे सायझिंग खात्याचं काम आहे, स्वैपाकघराचं नव्हे," म्हणत. दोन संध्याकाळी खपून चांदणी तयार होई. तिसऱ्या दिवशी ती दारावर लागे आणि गल्लीतली पोरं खाली उभी राहून वर बघत बसत.

दुसऱ्या वर्षी मला नवी पेठेत एक तयार चांदणी दिसली. चकचकीत, घडीची, पाऊस-पाण्याला न भिणारी. नव्या नवरीला हौस असतेच. चांदणी घेतली, शेजारच्या दुकानातून प्लास्टिकचं झाडही घेतलं. घरी येऊन म्हटलं, "पप्पा, आता कशाला दोन-दोन दिवस मान मोडून बसता? ही बघा, पाच मिनिटांत लागते." पप्पांनी चांदणी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. म्हणाले, "बरं झालं. कटकट वाचली."

मी ते शब्दशः खरं मानलं.

त्यानंतर दहा वर्षं मी आमचं घर बाजारातून सजवलं. दर वर्षी एखादी भर पडे. दिव्यांच्या माळा आल्या, चमकीच्या झिरमिळ्या आल्या, थर्मोकोलचे देवदूत आले. २०१८ साली राज्य सरकारनं प्लास्टिकच्या बऱ्याच वस्तूंबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आणली, तेव्हा ते देवदूत गेले. पण बर्फ राहिला. हो, बर्फ! ज्या सोलापुरात डिसेंबरातही दुपारी पंखा फिरवावा लागतो, तिथे मी पिंजलेला कापूस पसरून झाडाखाली बर्फ करत होते. आता आठवलं की हसू येतं. नाताळच्या झाडाची चाल मुळात जर्मन घरांतली. १८४०च्या दशकात व्हिक्टोरिया राणीचे यजमान अल्बर्ट यांच्यामुळे ती इंग्लंडमध्ये घरोघर गेली, आणि तिथून जगभर. त्या थंड मुलखात सगळी झाडं बोडकी होतात तेव्हा सूचिपर्णी तेवढं हिरवं राहतं, म्हणून त्याचं अप्रूप. आमच्याकडे कडुलिंब बाराही महिने दारात हिरवा उभा! झाड लावण्यात वाईट काही नाही, पण का लावतो ते मी कधी मनाला विचारलं नव्हतं एवढं खरं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर ह्यांचा कारखाना बंद झाला. चादरींना मागणी नाही म्हणून आधी एक पाळी गेली, मग मागच थांबले. मी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि तेही मिळतील तेव्हा. दिवाळीच्या सुट्टीचे तर नाहीतच. वाण्याची वही, मुलांची फी, पप्पांची औषधं. पप्पांना तोवर कंपवात सुरू झाला होता. चहाची बशी हातात धरली की खुळखुळ वाजे, म्हणून सासूबाई त्यांना पेल्यात अर्धाच चहा देत.

'यंदा घर सजवायचं नाही,' असं मी मनाशी ठरवलं. निदान जुनं आहे ते लावू, म्हणून माळ्यावरचं खोकं उतरवलं, तर उंदरांनी माळांच्या वायरी कुरतडलेल्या आणि चांदणीची एक बाजू पार फाडलेली. मी खोकं तसंच बाजूला सरकवलं. थोरली लेक तेव्हा अकरा वर्षांची. ती म्हणाली, "आई, चांदणी नसली तर गाणारी मंडळी आपलं दार सोडून पुढे जातील ना?"

आमच्यात नाताळच्या आधी तरुण मंडळी रात्री घरोघर गात फिरतात. अंधाऱ्या गल्लीत कुठल्या दारी थांबायचं, हे चांदणीवरून कळतं. म्हणजे चांदणी ही नुसती शोभा नव्हे. 'या, इथे घर आहे,' असं सांगणारी ती खूण आहे. लेकीच्या बोलण्यानं माझ्या पोटात कालवलं. पैशांची ओढ मी कुणाला दिसू देत नव्हते, पण बिनचांदणीचं दार ते सगळ्या गल्लीला सांगणार होतं.

खाटेवरून पप्पा बोलले, "कामट्या आण म्हणावं त्याला. पंधरा-वीस. लवचीक बघून आण."

आता कृती सांगते. कुठल्याही घरी करता येईल, दिवाळीच्या कंदिलालाही चालेल.

दोन फुटी, पातळ आणि सारख्या जाडीच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन सारख्या चांदण्या करायच्या. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून नऊ इंचांच्या किंचित पुढे खूण करावी. तिथेच दुसरी कामटी तिला ओलांडते. आधी पाचही टोकं सुतानं बांधावी, मग आतल्या पाच छेदांवर गाठी माराव्यात. कामट्या एकमेकींवर नुसत्या ठेवू नयेत. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशा घ्याव्यात. "ताणाबाणा विसरलीस काय, सोलापूरची ना तू आता?" पप्पा म्हणाले. अशा गुंफल्या की चांदणी वाकडी होत नाही. मग दोन्ही चांदण्या एकावर एक ठेवून टोकाला टोक बांधावं, आणि आतल्या पाच छेदांमध्ये पाच-पाच इंचांचे पाच तुकडे आडवे अडकवावे. चांदणीचं पोट फुगतं, सांगाडा तयार!

सांगायला सोपं. मला पहिली गाठच जमेना. पप्पांनी हात पुढे केला, सूत धरलं, पण बोटं थरथरत होती. दोनदा सूत सुटलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते खाली ठेवलं आणि भिंतीकडे पाहिलं. घरात कुणी काही बोललं नाही.

तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या. अक्का पद्मशाली, घरी तेलुगू बोलतात, आणि तीस वर्षांहून जास्त काळ बिड्या वळतात. दिवसाकाठी शेकड्यांनी बिड्यांना दोरा गुंडाळणारे ते हात! "सरक बाई," म्हणून त्या बसल्या, आणि पप्पा सांगत गेले तशा गाठी मारत गेल्या. "इथे नाही, अर्धा बोट खाली... हां, आता आवळा." पप्पांचे डोळे आणि अक्कांची बोटं. तासाभरात सांगाडा उभा राहिला. लेक शेजारी बसून शिकली. तीही आता अशीच गाठ मारते.

खळ मात्र पप्पांचीच. दोन मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवावा, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवावा. खळ टिकावी म्हणून पूर्वी मोरचूद घालत; तो विषारी, घरात मुलं असली तर नकोच. चिमूटभर तुरटीची पूड पुरते. पप्पांनी खळ चिमटीत धरून बोटं उघडमीट केली, तार पाहिली आणि म्हणाले, "अजून एक चटका दे." पुन्हा ठेवली, पुन्हा पाहिली. या कामाला त्यांच्या हाताचा कंप आड आला नाही.

कागद सांगाड्यापेक्षा अर्धा इंच मोठा कापून, कडा कामटीवर दुमडून चिकटवावा. दिवा बदलायला बाजूचा एक भाग उघडा ठेवावा. आत कमी वॅटचा एलईडी दिवा लावावा. तो फारसा तापत नाही, कागद जळण्याची भीती कमी. मधला भाग पांढरा, टोकं लाल. सगळा मिळून खर्च दोनशे रुपयांच्या आत.

हुरूप आला तसा बाकीचा पसाराही घरातच सापडला. कुणाच्या तरी शेतावरून सरपणाला तुराट्या आल्या होत्या. त्यातली फाटे फुटलेली एक निवडून तिला चुन्याचे दोन हात दिले आणि वाळू भरलेल्या डब्यात रोवली. ह्यांनी कारखान्यातून कधीकाळी आणलेलं रंगीत उरलंसुरलं सूत होतं. धाकट्यानं त्याचे गोंडे केले. रिकाम्या कांड्यांवर लाल-हिरवा धागा गुंडाळून त्या टांगल्या. झालं आमचं झाड! पांढऱ्या फांदीवर चादरीचे रंग इतके उठून दिसले की अक्का म्हणाल्या, "हे तर आमच्याच मागावरचं झाड की!"

कोपऱ्यात एक लहानशी गव्हाण केली. प्रभू येशूचा जन्म गोठ्यात झाला आणि त्याला गव्हाणीत निजवलं, ही गोष्ट बहुतेकींना ठाऊक असेल. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी गवत घातलेली गव्हाण मांडून, खरा बैल आणि गाढव उभं करून हा देखावा केला. गावातल्या साध्या माणसांना ती गरिबी डोळ्यांनी दिसावी म्हणून. आमच्या गव्हाणीत आम्ही ज्वारीचा कडबा घातला, मंगळवेढ्याकडचा मालदांडीचा. मूर्ती वगैरे ठेवली नाही. जुन्या सोलापुरी चादरीची घडी भिंतीवर पाठीमागे लावली, पुढे एक पणती आणि वाटीत शेवंतीची फुलं. बस. घरात कडब्याचा वास दरवळला, तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की ही गोष्ट आमच्या मुलखातही घडू शकली असती.

चांदणी लागली त्या रात्री खाली उतरून पाहिली, तर एक टोक जरा आखूड, आणि लाल कागद एका बाजूला सुरकुतलेला. मी म्हटलं, "वाकडी झाली." पप्पा खुर्चीत बसून वर बघत होते. "पहिली सगळ्यांचीच वाकडी होते," म्हणाले.

मग माझ्यानं राहवेना. विचारलं, "पप्पा, तेव्हा मी ती तयार चांदणी आणली, तर तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू हौसेनं आणली होतीस. नवी सून. नव्या माणसाचाही हात घरावरून फिरायला हवा, म्हटलं."

पुढचं सासूबाई बोलल्या, सहज, चकलीचं पीठ मळता मळता. "त्या वर्षी कामट्या आणूनसुद्धा ठेवल्या होत्या ह्यांनी. तासून, मापानं कापून, मोरीच्या माळ्यावर."

मला त्या कामट्या आठवल्या. चांगल्याच आठवल्या. जानेवारीत पाणी तापवायला बंबात घालणारी मीच होते. 'काय ही अडगळ,' म्हणूनच घातल्या होत्या.

मंडळी आली तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. टाळ, ढोलकी, आणि मराठी भजनं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि मग अभंगाच्या, भजनाच्या वळणाची कितीतरी गाणी आमच्या उपासनेला दिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकींनी वाचली असतील. परदेशी चालीवर अडखळणाऱ्या आमच्या पणज्या त्या भजनांत मोकळ्या गायल्या असतील. आमच्या दारात मंडळी थांबली. पप्पांनी खुर्चीच्या हातावर ताल धरला. हात थरथरत होता आणि तालही धरत होता. त्यातलं काय कुठे संपतं ते मला कळेना. मी करंज्यांचं ताट पुढे केलं आणि तोंड फिरवलं.

पुढच्या वर्षी शाळेत नाताळच्या आधी मी चांदणीचा विषय काढला. जर्मनीतल्या नीस्की गावी मोरेव्हियन पंथाच्या मुलांच्या शाळेत १८३०च्या दशकात भूमितीच्या पाठात कागदाच्या अनेक टोकांच्या चांदण्या करत. तिथून ती चांदणी जगात पसरली, हे मुलांना सांगितलं. त्यांनी खडूनं फळ्यावर कोन मोजले. दिवाळीला कंदील करणारी मुलं, ईदला झुरमुळ्या लावणारी मुलं, सगळ्यांनी कामट्या बांधल्या. कुणाची चांदणी सरळ आली नाही. मी त्यांना पप्पांचं वाक्य सांगितलं.

ह्यांना त्या वर्षी फेब्रुवारीत टॉवेलच्या कारखान्यात काम मिळालं. आता परिस्थिती बरी आहे. मनात आणलं तर नवी चांदणी बाजारातून आणता येईल. एक मात्र प्रामाणिकपणे सांगते. दोन वर्षांपूर्वीचा आमचा साधेपणा हा काही थोर विचार नव्हता. तो नाइलाज होता, आणि नाइलाजाला साधेपणा म्हणून मिरवणं मला आवडत नाही. ज्यांच्या घरी आज तशी ओढ आहे, त्यांना साधेपणाचे गोडवे ऐकवण्याचा मला अधिकार नाही. आता हाती चार पैसे असताना आम्ही कामट्या आणतो, तो मात्र आमच्या मर्जीचा साधेपणा. त्याचं कारणही खर्च वाचवणं हे नाही. दोन संध्याकाळी सगळं घर एका सतरंजीवर बसतं, एवढंच कारण.

म्हणून मैत्रिणींनो, नव्यानं घरात आलेल्या सुनांना, आणि घर नव्यानं लावायला निघालेल्या सगळ्यांनाच, युक्त्यांच्या यादीत एक भर घालते. जुनं काही काढून तिथे नवं ठेवण्याआधी, ते जुनं कुणाच्या हातचं आहे ते एकदा विचारा. "कटकट वाचली," असं उत्तर आलं, तर पुन्हा एकदा विचारा. नवं जरूर आणा. आमची सुताच्या गोंड्यांची तुराटीही नवीच आहे, पप्पांच्या वेळी ती नव्हती. पण कामट्या बंबात घालू नका.

आमची चांदणी सहा जानेवारीपर्यंत दारावर राहते. पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना ताऱ्यानं वाट दाखवली, त्यांचा तो दिवस. ती उतरते न उतरते तोच गल्लीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची धांदल सुरू होते, आणि अक्का तिळगुळाचं बोलू लागतात.

यंदा पप्पांच्या हातात चमचाही ठरत नाही. सूत लेक बांधते, कागद धाकटा कापतो, सांगाडा हे धरतात. मी गॅसशी उभी राहून ढवळते. खळीला झाक आली असं वाटलं की वाटीत थोडी घेऊन खाटेशी जाते. पप्पांची बोटं माझ्या हातानं धरून खळीत बुडवते. ते चिमटी उघडतात, मिटतात, डोळे बारीक करून तार बघतात.

"अजून एक चटका दे," म्हणतात. मी पुन्हा गॅसकडे वळते.